मनगटातील बोगदा : शस्त्राविना उपचाराची दीडशे वर्षांची वाटचाल

मध्यरात्री गाढ झोपेतून जाग यावी, हाताच्या बोटांना मुंग्या आलेल्या असाव्यात, अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंतचा पंजा आपला नव्हेच असे वाटावे आणि अंथरुणावर उठून बसून हात झटकला की थोड्या वेळाने बरे वाटून पुन्हा झोप लागावी, हा अनुभव अनेक घरांतून, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या तोंडून ऐकावयास मिळतो. घरातील मंडळी त्यास ‘हात अवघडला’, ‘वात आला’, ‘अशक्तपणा आहे’ असे म्हणून सोडून देतात. वैद्यकशास्त्रात या विकारास ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ ही संज्ञा आहे. ‘कार्पस’ म्हणजे मनगट आणि ‘टनेल’ म्हणजे बोगदा. आज हे नाव गावोगावच्या दवाखान्यांतून ऐकू येते. परंतु हे दुखणे मनगटात आहे एवढे ओळखण्यास पाश्चात्त्य वैद्यकास जवळजवळ शंभर वर्षे लागली. नवलाची बाब अशी की, रोगाचे नाव पडण्याच्या कितीतरी आधी त्याचा एक साधा, शस्त्राविना करावयाचा उपाय सापडला होता आणि तो विस्मरणात गेला होता. त्या उपायाचा, म्हणजे मनगट बांधून ठेवण्याचा व पुढे त्यास जोडल्या गेलेल्या व्यायाम-भौतिकोपचारांचा हा इतिहास आहे.

रचना समजून घेतल्यावाचून पुढील कथा उमगणार नाही. मनगटात आठ लहान हाडे असून ती तळहाताच्या बाजूस पन्हळीप्रमाणे खोलगट मांडलेली असतात. या पन्हळीवर एक जाड, चिवट अस्थिबंध आडवा ताणलेला असतो. हाडांची पन्हळ खाली आणि अस्थिबंधाचे छत वर, असा हा बोगदा होय. त्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि त्यांच्याच दाटीत एक मज्जातंतू जातो, त्यास मध्यम मज्जातंतू म्हणतात. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना त्याच्याकडे आहे. करंगळी त्याच्या अखत्यारीत येत नाही. बोगद्याच्या भिंती फाकत नाहीत. कंडरांवरील आवरणास सूज आली, अंगात पाणी साठले, जवळचे हाड मोडून वेडेवाकडे जुळले, की आतील दाब वाढतो आणि या दहा प्रवाशांपैकी सर्वांत नाजूक असा जो मज्जातंतू, तोच प्रथम चेपला जातो. मधुमेह, थायरॉईड ग्रंथीची मंदता, संधिवात, गर्भारपण या अवस्थांत हा विकार अधिक आढळतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक.

लेखनिकांचे दुखणे

हाताच्या श्रमाचा आणि हाताच्या दुखण्याचा संबंध प्रथम तपशिलाने मांडणारा वैद्य म्हणून इटलीतील बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांचे नाव घेतले जाते. व्यवसायजन्य रोगांवरील त्यांचा ग्रंथ 1700 साली प्रसिद्ध झाला व 1713 साली त्याची वाढीव आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीत लेखनिक व कारकून यांच्या व्याधींचे एक प्रकरण आहे. या लोकांना तीन गोष्टी छळतात, असे रामाझ्झिनी सांगतात : सतत बसणे, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल, आणि हिशेबात चूक होऊन मालकाचे नुकसान तर होणार नाही ना, या काळजीचा मनावरील ताण. ज्यांनी दिवाळीच्या आधी रोजमेळ व खतावणी जुळविण्यासाठी रात्री जागविल्या आहेत, त्यांना यातील तिसरे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जन्मभर लिहिण्यातच गेलेल्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला; त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, तर काही काळाने तोही हात त्याच वाटेने गेला, अशी हकिकत त्यांनी नोंदविली आहे. हा विकार मनगटातील बोगद्याचाच होता असे म्हणता येणार नाही. लेखनिकांच्या हाताची दुखणी अनेक प्रकारची असतात. परंतु रोग्याला ‘तुम्हास काय होते?’ एवढेच न विचारता ‘तुम्ही काम काय करता?’ हेही विचारले पाहिजे, हा त्यांचा आग्रह पुढील सर्व कथेत डोकावत राहतो.

बांधलेले मनगट

लंडनचे विख्यात शल्यविशारद जेम्स पॅजेट यांची शल्यविकृतिशास्त्रावरील व्याख्याने 1850 च्या दशकाच्या पूर्वार्धात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत लंडनच्याच गाय्ज रुग्णालयातील एका माणसाची हकिकत आहे. त्याचे मनगटाजवळचे हाड मोडले होते. ते जुळताना तेथे गरजेपेक्षा फारच जास्त नवे हाड तयार झाले आणि मध्यम मज्जातंतू त्याखाली दबला. परिणामी अंगठा, तर्जनी व मधले बोट यांवर व्रण पडले. नाना उपाय झाले, व्रण भरेनात. अखेर तळहाताकडील भाग सैल राहील अशा बेताने मनगट बांधून ठेवले, तेव्हा मज्जातंतूवरील दाब उतरला आणि व्रण भरून आले. मनगट बांधलेले असेपर्यंत हात बरा राही. परंतु त्या माणसास हात वापरण्याची मोकळीक मिळाली की दाब परत येई आणि व्रणही परत उमटत.

या चार-सहा ओळींत रोगाचे कारण, त्याचे स्थान आणि त्यावरील उपचार या तिन्ही गोष्टी येऊन गेल्या आहेत. उपचाराची मर्यादाही आली आहे, कारण पट्टी सोडली की दुखणे परतत होते. त्या माणसाचे नाव ग्रंथात नाही. हातावर पोट असणारा कोणी असेल, तर बांधलेला हात आणि उपाशी पोट किंवा मोकळा हात आणि फुटलेली बोटे, यांतून त्याने काय निवडले असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु पॅजेट यांच्या या निरीक्षणाचा धागा कोणी पुढे नेला नाही. ते मोडलेल्या हाडाचे एक विलक्षण उदाहरण म्हणून ग्रंथात पडून राहिले. हाड न मोडताही हेच घडू शकते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीही आले नाही.

चुकलेल्या निदानांचा काळ

1880 साली अमेरिकेतील बोस्टनचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स जॅक्सन पुटनम यांनी 37 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. रात्री किंवा पहाटे हात बधिर होतो, मुंग्या येतात, जाग येते. हात चोळल्याने, झटकल्याने किंवा पलंगाबाहेर लोंबता सोडल्याने आराम पडतो, अशी त्यांची एकसारखी तक्रार होती. वर्णन इतके अचूक आहे की ते आजच्या एखाद्या रुग्णाचे म्हणून खपून जावे. परंतु कारण सांगताना पुटनम यांचा तर्क रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाकडे गेला. पुढे 1893 साली जर्मनीच्या फ्रीडरिश शुल्त्से यांनी अशा लक्षणांना ‘अॅक्रोपॅरेस्थेशिया’, म्हणजे हातापायांच्या टोकांची विकृत संवेदना, असे भारदस्त नाव दिले. नाव मिळाले की रोग समजला असे वाटू लागते. येथेही तसेच घडले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेचे रॅमसे हंट यांनी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा झिजून सपाट होत जाणारे रुग्ण पाहिले आणि तो मज्जातंतूच्या एका शाखेवरील दाबाचा परिणाम असल्याचे सांगितले. वस्तुतः मुंग्या ही एकाच रोगाची पहिली पायरी आणि मांस झिजणे ही शेवटची. परंतु दोन पायऱ्यांचे रुग्ण दोन निरनिराळ्या खात्यांवर मांडले गेले. 1913 साली पॅरिसमध्ये पिएर मारी व शार्ल फॉय या दोघांनी एका ऐंशी वर्षांच्या मृत रुग्णाच्या मनगटाची तपासणी केली. अस्थिबंधाच्या वर मज्जातंतू फुगलेला आणि अस्थिबंधाखाली आवळलेला आढळला. वेळीच निदान झाल्यास हा अस्थिबंध छेदून रोग थांबविता येईल, असे त्यांनी लिहून ठेवले. दुसऱ्याच वर्षी युरोपात महायुद्धाचा वणवा पेटला, आणि ही सूचनाही पॅजेट यांच्या निरीक्षणाप्रमाणे बाजूस पडली.

या अज्ञानाची किंमत रुग्णांनी मोजली. हाताला मुंग्या येण्याचे मूळ मानेच्या तळाशी आहे, तेथील एखादी जादा बरगडी अथवा पहिली बरगडी मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाबत असावी, अशी समजूत पुढील तीन दशके प्रबळ होती. त्यामुळे दुखणे मनगटात असलेल्या अनेक स्त्रियांच्या बरगड्या काढण्यात आल्या. मनगटास रात्री एक लाकडी पट्टी बांधून जे साधले असते, त्यासाठी छातीच्या वरच्या भागाची गंभीर शस्त्रक्रिया झाली आणि तीही चुकीच्या जागी. शिवाय ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली गेली नाही त्यांच्या वाट्यास ‘मनाचे खेळ’, ‘ऋतुनिवृत्तीचा त्रास’ असे शेरे आले. रोज रात्री दोनदा-तीनदा उठून हात झटकणाऱ्या स्त्रीस, तिचे दुखणे खरे नव्हे असे सांगितले जाणे, हा या इतिहासातील सर्वांत खेदकारक भाग म्हटला पाहिजे.

फॅलन आणि एक मिनिट

अस्थिबंध छेदण्याची नोंदलेली आरंभीची शस्त्रक्रिया स्कॉटिश शल्यविशारद जेम्स लर्मंथ यांनी अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये केली. ती 1933 साली प्रसिद्ध झाली. याच लर्मंथ यांनी पुढे 1949 साली इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या पायातील रक्ताभिसरणासाठी शस्त्रक्रिया केली. 1947 साली लंडनचे रसेल ब्रेन व त्यांचे सहकारी राइट आणि विल्किन्सन यांनी सहा रुग्णांवरील निबंधात, हाड न मोडताही मध्यम मज्जातंतू या बोगद्यात चेपला जातो हे निर्विवाद मांडले. 1953 साली क्रेमर, गिलियट आदी लंडनच्याच वैद्यांनी पुटनम-शुल्त्से यांच्या रात्रीच्या मुंग्याही याच बोगद्यातून निघतात हे दाखविले, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांनी ते खाते योग्य पानावर आले. 1956 साली सिम्पसन यांनी विजेच्या साहाय्याने मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला आणि तो मनगटापाशी मंदावतो हे सिद्ध केले. आता ‘मनाचे खेळ’ म्हणण्याची सोय राहिली नाही.

या रोगास घराघरांत पोहोचविले ते अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या जॉर्ज फॅलन यांनी. 1950 पासून त्यांनी यावर सातत्याने लिहिले आणि 1966 साली सतरा वर्षांतील 654 हातांचा अनुभव एका निबंधात मांडला. त्यांची चाचणी सोपी आहे. दोन्ही मनगटे खाली दुमडून एक मिनिट तशीच ठेवावीत; तेवढ्यात त्या ठरावीक बोटांना मुंग्या आल्या तर संशयास जागा आहे. याच्या उलट, तळवे जुळवून मनगटे मागे वाकवून ठेवण्याची चाचणीही वैद्य करतात. ही दुसरी मुद्रा म्हणजे आपला नेहमीचा नमस्कार होय. प्रार्थनेस हात जोडून बराच वेळ उभे राहिल्यावर ज्यांच्या बोटांना मुंग्या येतात, त्यांना कारण येथे सापडेल.

फॅलन शल्यविशारद होते, तरी प्रत्येक रुग्णास शस्त्रक्रिया सांगत नसत. आरंभीच्या अवस्थेत मनगटास आधारपट्टी आणि औषधाचे इंजेक्शन यांवर त्यांचा भर असे. एका बाबतीत मात्र त्यांचे मत वादग्रस्त ठरले. हा रोग कामामुळे होतो हे त्यांना मान्य नव्हते. 1980 आणि 1990 च्या दशकांत अमेरिकेतील मांस-कारखाने, जुळणीचे कारखाने व संगणक कार्यालये येथून मनगटाच्या तक्रारींचा पूर आला, तेव्हा हा प्रश्न न्यायालयांत आणि विधिमंडळात गेला. कामगारांच्या शरीरास झेपेल अशी कामाची रचना करण्याचे नियम तेथील शासनाने नोव्हेंबर 2000 मध्ये जाहीर केले आणि मार्च 2001 मध्ये तेथील संसदेने ते रद्दही केले. शास्त्राचा कौल आज मधला आहे. जोर लावून तीच ती हालचाल करणे आणि थरथरणारी यंत्रे हाताळणे यांचा संबंध मान्य झालेला आहे. संगणकाच्या कळफलकाविषयीचा समज मात्र तेवढा टिकला नाही. 2001 साली मेयो क्लिनिकमध्ये संगणकावर भरपूर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यातील रोगाचे प्रमाण सर्वसाधारण लोकांइतकेच निघाले.

पट्टा कोणत्या कोनात?

मनगट बांधण्याच्या पॅजेटकालीन उपायास शास्त्रीय पाया मिळाला तो 1981 साली. अमेरिकेतील गेल्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाच्या बोगद्यात बारीक नळी घालून आतील दाब प्रत्यक्ष मोजला. रक्तदाब मोजतात त्याच पाऱ्याच्या मिलिमीटरच्या मापात, निरोगी माणसाचे मनगट सरळ असता हा दाब सरासरी 2.5 निघाला, तर रुग्णांचा 32. मनगट पुरते खाली दुमडले की निरोगी माणसाचा दाब 31 पर्यंत आणि रुग्णाचा 94 पर्यंत चढे. मागे वाकविले तर रुग्णाचा दाब त्याहूनही जास्त, 110 पर्यंत जाई. म्हणजे दुमडलेल्या मनगटात निरोगी माणसासही तेवढाच दाब सोसावा लागतो, जेवढा रुग्णास हात सरळ ठेवूनही सोसावा लागतो. फरक एवढाच की निरोगी माणूस हात सरळ करून मोकळा होतो.

झोपेत बहुतेक माणसे मनगट दुमडून, उशीखाली किंवा गालाखाली घेऊन निजतात. दिवसभर कामाने सुजलेला बोगदा आणि त्यात तासन् तास दुमडलेले मनगट. पुटनम यांच्या 37 रुग्णांना रात्रीच जाग का येत होती याचा उलगडा यातून होतो. आणि हात झटकण्याने बरे वाटते हे जे त्यांनी 1880 मध्ये टिपले, त्याचा पडताळा घेऊन कॅनडाचे प्राइस-फिलिप्स यांनी 1984 साली ‘झटक्याची खूण’ ही निदानाची रीतसर कसोटी म्हणून मांडली. रुग्णा जे न शिकता करीत होत्या, त्यास शास्त्राची मान्यता मिळण्यास एकशे चार वर्षे लागली!

पट्टा मनगट सरळ ठेवणारा हवा, हे वरील आकड्यांवरून उघड दिसते. तरीही बाजारात मिळणारे बरेचसे तयार पट्टे मनगट किंचित मागे वाकवून ठेवीत, कारण वस्तू पकडण्यास ती स्थिती सोयीची असते. 1994 साली बर्क व सहकाऱ्यांनी सरळ कोनातील पट्टा आणि वीस अंश मागे वाकविणारा पट्टा यांची तुलना केली; सरळ पट्ट्याने अधिक आराम मिळाला. पट्टा घेताना केवळ रंग व किंमत न पाहता तो मनगट कोणत्या कोनात धरतो हे पाहावे, असे यामुळेच सांगितले जाते. बहुतेकांना रात्रीचा वापर पुरतो.

पट्टा कशाचा, याचाही एक इतिहास आहे. हॉलंडचे लष्करी शल्यविशारद मातेसन यांनी 1852 साली प्लॅस्टर चोळलेल्या कापडी पट्ट्या प्रचारात आणल्या. त्या पक्क्या बसत, पण रोज काढता-घालता येत नसत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गरम पाण्यात मऊ होणारे व गार होताच आकार धरणारे प्लॅस्टिक आले आणि प्रत्येकाच्या हातावर बेतून पट्टा करणे शक्य झाले. परंतु खरी सोय केली ती कापडाच्याच एका प्रकाराने. स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल रानातून फिरून आले असता कपड्यांस व कुत्र्याच्या केसांस काटेरी बोंडे चिकटलेली त्यांनी पाहिली. सूक्ष्मदर्शकाखाली बोंडाच्या टोकास आकडे दिसले. त्यावरून त्यांनी एका पट्टीवर आकडे आणि दुसरीवर मखमलीसारखे फासे विणून घेतले आणि 1950 च्या दशकात त्याचे पेटंट मिळविले. मखमल आणि आकडा या दोन फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्यास ‘व्हेल्क्रो’ हे नाव पडले. दुखऱ्या हाताच्या माणसास, दुसऱ्या हाताने, कोणाच्या मदतीवाचून पट्टा बांधता व सोडता येऊ लागला तो या विणकामामुळे. कापडाच्या व्यवहारात आयुष्य घालविणारांनीही या पट्टीकडे क्वचितच या दृष्टीने पाहिले असेल.

व्यायाम, मालिश आणि पुण्याची वाट

भौतिकोपचार हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकात. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 साली व्यायामशिक्षणाची शाही संस्था स्थापन केली. लंडनमध्ये चार परिचारिकांनी 1894 साली प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि 1955 साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था उभी राहिली. प्रारंभी या शास्त्राची सारी शक्ती पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी खर्ची पडली. मनगटाच्या मुंग्यांकडे लक्ष जाण्यास बराच काळ जावा लागला.

मज्जातंतू हा शरीरात ताणून बसविलेल्या तारेसारखा स्थिर नसून हात हलविताना तो आपल्या मार्गात पुढे-मागे सरकतो, हा विचार 1970 नंतर प्रबळ झाला. ऑस्ट्रेलियाचे भौतिकोपचारतज्ज्ञ रॉबर्ट एल्वी व डेव्हिड बटलर यांनी त्यावर मूलभूत कार्य केले. बटलर यांचा ग्रंथ 1991 साली निघाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या टॉटन व हंटर यांनी मनगटासाठी सरकविण्याच्या व्यायामांची मालिका सांगितली. बोटे सरळ, मग आकड्यासारखी वाकविलेली, मग पूर्ण मूठ, मग केवळ मुळाशी वाकवून टेबलाच्या पृष्ठासारखी, मग नखे दिसतील अशी सपाट मूठ, या क्रमाने पंजा फिरविला की बोटांच्या कंडरा एकमेकींवरून सरकतात. 1998 साली रोझमारिन व सहकाऱ्यांनी 197 रुग्णांच्या 240 हातांचा आढावा घेतला. ज्या गटास हे व्यायाम दिले नव्हते, त्यातील 71.2 टक्के हातांवर शस्त्रक्रिया करावी लागली. व्यायाम केलेल्या गटात 43 टक्के. हा आढावा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीसारखा पक्का नव्हता, हे जोडीने सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. नंतरच्या चाचण्यांत इतका ठळक फरक सातत्याने दिसलेला नाही.

त्याच वर्षी व्हिएन्ना येथील एबेनबिख्लर व सहकाऱ्यांनी श्रवणातीत ध्वनिलहरींचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन्ही मनगटांत विकार असलेले 45 रुग्ण घेऊन एका मनगटास खऱ्या लहरी आणि दुसऱ्यास नुसतेच यंत्र फिरविणे, असा तो होता. वीस बैठकींनंतर सहा महिन्यांनी खऱ्या बाजूस 74 टक्के आणि खोट्या बाजूस 20 टक्के समाधानकारक सुधारणा आढळली. पुढील परीक्षणांनी मात्र या उपचाराविषयी पुरावा तोकडा असल्याचे म्हटले आहे. यंत्र महाग आणि चकचकीत असले की उपचार मोठा वाटतो, ही समजूत सर्वत्र आहे. तिच्यापासून सावध राहिलेले बरे.

1998 याच वर्षातील तिसरा प्रयोग महाराष्ट्रास जवळचा आहे. फिलाडेल्फियाच्या मॅरियन गार्फिंकेल या पुण्याच्या योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्या शिष्या. अय्यंगार 1937 साली पुण्यास आले आणि 1975 साली त्यांच्या दिवंगत पत्नीच्या नावाने रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था तेथे सुरू झाली. खुर्ची, दोर, पट्टे यांच्या आधाराने आजारी व वृद्ध माणसासही आसन साधावे, ही त्यांची पद्धती. गार्फिंकेल यांनी 42 रुग्ण निवडून एका गटास आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, देहाच्या वरच्या भागासाठी अकरा आसने व शेवटी शिथिलीकरण शिकविले. दुसऱ्या गटास मनगटाचा पट्टा देऊ केला. योगाच्या गटात हाताची पकड वाढली, वेदना कमी झाली व फॅलन यांच्या चाचणीत सुधारणा दिसली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा निबंध छापला गेला. रुग्णसंख्या लहान होती, झोपमोड आणि इतर काही मोजमापांत ठोस फरक आढळला नाही, हेही त्यात नमूद आहे. मनगटाचे दुखणे म्हणून केवळ मनगट न पाहता खांदा, मान, पाठीचा कणा यांची ठेवण पाहावी, हा त्यातील दृष्टिकोन नंतरच्या भौतिकोपचाराशी जुळणारा निघाला.

शस्त्र की पट्टा?

दोन उपचारांचा प्रत्यक्ष सामना 2002 साली हॉलंडमध्ये गेरित्सेन व सहकाऱ्यांनी लावला. 176 रुग्णांपैकी निम्म्यांस शस्त्रक्रिया आणि निम्म्यांस रात्रीचा पट्टा. तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात 80 टक्के आणि पट्ट्याच्या गटात 54 टक्के रुग्ण बरे होते. दीड वर्षाने हे प्रमाण 90 आणि 75 झाले. आकडे शस्त्रक्रियेच्या बाजूचे आहेत यात वाद नाही, कारण दीड वर्षात पट्ट्याच्या गटातील 41 टक्के रुग्णांनीही अखेर शस्त्रक्रिया करून घेतली होती. परंतु जमाखर्चाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे : उरलेल्यांस हातावर शस्त्र लावावे लागले नाही. 2018 साली इंग्लंडमधील 234 रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइडच्या इंजेक्शनने सहा आठवड्यांपर्यंत पट्ट्यापेक्षा अधिक आराम दिला, तर सहा महिन्यांनी दोहोंत फरक उरला नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जपानचे ओकुत्सु व अमेरिकेचे चाऊ यांनी दुर्बिणीतून लहान छेदाची शस्त्रक्रिया आणल्यापासून शस्त्रक्रियेचे भयही पुष्कळ कमी झाले आहे.

स्पेनमधील माद्रिदच्या फर्नांदेस-दे-लास-पेन्यास व सहकाऱ्यांनी 2015 साली 120 स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटास शस्त्रक्रिया आणि दुसऱ्यास आठवड्यातून एकदा अर्धा तास, अशा केवळ तीन बैठकी. त्यांत मान, खांदा, दंड, मनगट अशा मज्जातंतूच्या सबंध मार्गावर हाताने केलेले उपचार होते. पहिल्या तीन महिन्यांत हस्तोपचाराच्या गटास अधिक आराम पडला. सहा महिन्यांनी व वर्षाने दोन्ही गट सारखे ठरले, आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या पाठपुराव्यातही त्यांत फरक आढळला नाही. हे काम एकाच चमूचे व केवळ स्त्रियांवरील असल्याने अन्यत्र त्याचा पडताळा होणे आवश्यक आहे.

आजची सर्वसाधारण रीत अशी की, मुंग्या येऊन-जाऊन असतील, रात्रीपुरत्या असतील, तर सहा आठवडे ते तीन महिने सरळ कोनाचा पट्टा, व्यायाम आणि कामाच्या पद्धतीतील बदल यांस संधी द्यावी. गर्भारपणातील त्रास प्रसूतीनंतर बहुधा आपोआप ओसरतो. तेथे पट्टा पुरेसा होतो. मधुमेह व थायरॉईड यांची तपासणी सर्वांनीच करून घ्यावी. परंतु बधिरपणा अहोरात्र राहू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या, गुंडी लावणे किंवा सुईत दोरा ओवणे जमेनासे झाले, अंगठ्याखालील उंचवटा सपाट दिसू लागला, तर पट्ट्यावर विसंबून दिवस घालविणे हिताचे नव्हे. झिजलेले मांस पुन्हा भरून येईलच असे नसते, आणि अशा वेळी शल्यविशारदाकडे जाण्यात केलेली दिरंगाई अंगठ्याच्या बळावर बेतते.

पॅजेट यांच्या ग्रंथातील त्या निनावी माणसाचे मनगट बांधले गेले, तेव्हा ते तळहाताकडे झुकलेले असावे. वाढलेल्या हाडामुळे त्याच्यापुरता तोच कोन सुखाचा होता. बाकीच्यांसाठी तो सरळ असावा, हे कळावयास 1981 आणि 1994 ही वर्षे उजाडावी लागली.